वैमानिकांच्या रेडिओ-संकेतभाषेतील विनोद : स्वरूप, कार्य आणि मर्यादा

प्रास्ताविक

प्रत्येक व्यवसायाला स्वतःची परिभाषा असते आणि त्या परिभाषेच्या कडेने एक अनौपचारिक बोलीही वाढत असते. परिभाषा नेमकेपणासाठी आणि बोली आपलेपणासाठी, अशी त्यांची ढोबळ विभागणी सामान्यतः केली जाते. लढाऊ वैमानिकांच्या रेडिओ-संभाषणात मात्र ही विभागणी टिकत नाही. तेथे अधिकृत पुस्तिकेत छापलेला शब्दच अनेकदा थट्टेतून आलेला असतो. इंधन परतीच्या प्रवासापुरतेच उरले की पाश्चात्त्य हवाई दलांतील वैमानिक 'बिंगो' म्हणतो, शस्त्रे संपली की 'विंचेस्टर' म्हणतो आणि ढगात शिरून काही दिसेनासे झाले की 'पॉपाय' म्हणतो. पहिला शब्द एका अंकखेळाचा, दुसरा बंदुकांच्या एका प्रसिद्ध अमेरिकी नाममुद्रेचा आणि तिसरा व्यंगचित्रातील खलाशाचा आहे. प्रसंग मात्र तिन्ही वेळा जीवनमरणाचा असतो.

या शब्दांच्या याद्या अनेकदा गंमत म्हणून वाचल्या जातात. त्यांचा भाषिक व्यवहार म्हणून गंभीरपणे विचार व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या भाषेत विनोद का आला, तो तेथे कोणते काम करतो आणि तो कोठे धोकादायक ठरतो, असे तीन प्रश्न येथे विचारले आहेत. विवेचनासाठी दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाची बोली, नंतरच्या काळातील अमेरिकी व नाटो राष्ट्रांची संकेतभाषा आणि भारतीय हवाई दलाच्या इतिहासातील एक प्रसंग एवढी सामग्री घेतली आहे. विश्लेषणाची साधने म्हणून भारतीय साहित्यशास्त्रातील शब्दशक्तींचा आणि हास्यरसाचा विचार उपयोगात आणला आहे. विषय परका असला, तरी या साधनांमुळे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, असे दिसून येईल.

१. गुप्तता नव्हे, संक्षेप

प्रारंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'सांकेतिक भाषा' म्हटले की आपल्यासमोर गुप्ततेची कल्पना उभी राहते. मराठी प्रदेशातील व्यापाऱ्यांची नंदभाषा किंवा महानुभावांच्या सकळ, सुंदरी इत्यादी लिप्या यांचा उद्देश परक्यापासून अर्थ लपविणे हा होता. वैमानिकांच्या संक्षेपशब्दांचा मूळ उद्देश तसा नाही. अमेरिकेच्या सेनादलांची अशा शब्दांची संयुक्त पुस्तिका सार्वजनिकरीत्या उपलब्ध झालेली आहे आणि नाटोचाही स्वतंत्र कोश आहे. शत्रूला 'बिंगो'चा अर्थ ठाऊक असतो, हे गृहीतच धरलेले असते.

मग हे शब्द कशासाठी? याचे उत्तर रेडिओ या माध्यमात आहे. एका वारंवारितेवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. आवाज प्राणवायूच्या मुखवट्यातून येतो, इंजिनाचा गोंगाट असतो आणि ध्वनीचा वरचा पट्टा यंत्रातच कापला जातो. अशा स्थितीत वाक्य परवडत नाही. शब्द आखूड हवा, शेजारच्या शब्दाशी त्याचा ध्वनी जुळता कामा नये आणि घाबरलेल्या माणसालाही तो क्षणात आठवला पाहिजे. इंग्रजी 'नाइन'चा उच्चार रेडिओवर 'नायनर' असा केला जातो, तो 'फाइव्ह'शी घोटाळा होऊ नये म्हणूनच. 'रॉजर' हा शब्दही असाच आहे. 'मिळाले' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरासाठी जुन्या वर्णमालेत 'रॉजर' हे नाव होते. १९५६ मध्ये नवी आंतरराष्ट्रीय वर्णमाला आली आणि त्या अक्षराचे नाव 'रोमिओ' झाले, परंतु 'मिळाले' सांगणारा 'रॉजर' तसाच राहिला.

विनोदाचा प्रवेश येथेच होतो. 'माझ्या विमानाचे रडार नादुरुस्त आहे' या आशयासाठी एखादे गंभीर तांत्रिक नाव निवडले, तर ते इतर तांत्रिक नावांच्या गर्दीत हरवते. 'बेंट', म्हणजे 'वाकलेले', हा काहीसा खोडकर शब्द हरवत नाही. शत्रूच्या रडारला गोंधळविणाऱ्या लहरींना 'म्युझिक' आणि हवेत इंधन देणाऱ्या विमानाला पेट्रोल कंपनीच्या नावावरून 'टेक्साको' म्हटले, की तो शब्द संदर्भाच्या बाहेरचा असल्यामुळेच लक्षात राहतो. विसंगती हे विनोदाचे मूळ आणि विसंगती हेच स्मरणाचे साधन. या दोन गोष्टी एकाच शब्दात भेटतात, म्हणून ही भाषा विनोदी झाली आहे. या भाषेतील विनोद केवळ अलंकार नाही, असे म्हणण्याचे पहिले कारण हे आहे.

२. लक्षणेचा प्रवास : प्रयोजनाकडून रूढीकडे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांवर स्वकीय-परकीय ओळख पटविणारे यंत्र बसविण्यात आले. जमिनीवरील रडारची लहर आली की हे यंत्र आपोआप ठरावीक उत्तर देत असे. विचारले की शिकवलेलेच बोलणाऱ्या या यंत्राचे संकेतनाम 'पॅरट', म्हणजे पोपट, असे होते. यंत्र सुरू करायचे तर पोपटाला ओरडायला लावायचे आणि बंद करायचे तर पोपटाचा गळा आवळायचा, असे शब्दप्रयोग त्यातून निघाले. 'पोपटपंची' हा शब्द जाणणाऱ्या मराठी वाचकाला या कल्पनेतील गंमत समजावून सांगावी लागत नाही. पोपटाच्या कर्कश ओरडण्यासाठी असलेला 'स्क्वॉक' हा शब्द आज जगभरच्या नागरी विमानवाहतुकीत रूढ आहे. मुंबईच्या विमानतळावरील नियंत्रक प्रवासी विमानाला चार अंकी ओळखसंख्या देतो, तेव्हा तोही वैमानिकाला 'स्क्वॉक' करायलाच सांगत असतो. त्या क्षणी पोपट कोणाच्याच मनात नसतो.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा प्रवास नेमका सांगता येतो. आरंभी 'पोपट' हा शब्द प्रयोजनवती लक्षणेने योजिला गेला. यंत्राच्या निर्बुद्ध आज्ञाधारकपणाची थट्टा हे त्यामागचे प्रयोजन, म्हणजेच त्यातील व्यंग्य. वापर वाढला तसे प्रयोजन विरत गेले आणि लक्षणा रूढ झाली. आता शब्द उच्चारताच लक्ष्यार्थच थेट समोर येतो. संकेतभाषेच्या दृष्टीने ही हानी नसून सिद्धी आहे. काव्यात व्यंजना जितकी जागी, तितके काव्य श्रेष्ठ. संकेतभाषेत व्यंजना जितकी निद्रिस्त, तितका संकेत सुरक्षित. विनोदाने शब्द जन्माला घालावा आणि मग स्वतः मागे सरावे, हा या भाषेचा अलिखित नियम आहे.

याच वर्गातील आणखी काही उदाहरणे पाहता येतील. उंची सांगताना ब्रिटिश वैमानिक हजार फुटांच्या एककाला 'एंजल' म्हणत. 'एंजल्स फिफ्टीन' म्हणजे पंधरा हजार फूट. पुढे शंभर फुटांच्या एककासाठी 'चेरब', म्हणजे बालदेवदूत, हा शब्द आला. देवदूतांच्या श्रेणीतील लहानथोरपणाचा असा हिशेबी उपयोग धर्मशास्त्राने कधी केला नसेल. उतरण्याच्या आज्ञेला 'पॅनकेक' म्हणत. ओळख न पटलेले विमान म्हणजे 'बोगी'. हा शब्द मुलांना भीती दाखविण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या काल्पनिक भुताशी नाते सांगतो. आपला 'बागुलबुवा' त्याचा जवळचा नातलग आहे. ओळख पटून शत्रू ठरलेले विमान मात्र 'बँडिट', म्हणजे दरोडेखोर. या जोडीत केवळ गंमत नाही, तर अर्थाची काटेकोर पायरी आहे. बागुलबुवा ही अज्ञाताची भीती असते आणि दरोडेखोर हे ज्ञात संकट असते. पहिल्यावर गोळी झाडायची नसते. दुसऱ्याच्या बाबतीतही स्वतंत्र आज्ञा लागू शकते.

'बोगी'चा 'बागुलबुवा' हा अर्थदृष्ट्या उत्तम अनुवाद होय. रेडिओवर मात्र तो निरुपयोगी ठरेल, कारण दोन अक्षरांच्या जागी पाच अक्षरे येतात. युद्धपटांची वा कादंबऱ्यांची भाषांतरे करणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मूळ शब्दाचा अर्थ आणला तर त्याचा वेग जातो, आणि वेग ठेवला तर त्यातील थट्टा जाते.

३. भय आणि स्मित

दुसरे कारण मानसिक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाची बोली इतकी समृद्ध झाली की, त्या दलात सेवा केलेले कोशकार एरिक पार्ट्रिज यांनी १९४५ मध्ये तिचा स्वतंत्र कोश प्रसिद्ध केला. विमान आपटणे म्हणजे 'प्रँग', समुद्र म्हणजे 'ड्रिंक', फुगविण्याचे जीवरक्षक जाकीट म्हणजे अभिनेत्री मे वेस्ट यांच्या नावावरून 'मे वेस्ट'. परत न आलेल्या सहकाऱ्याविषयी तो 'बर्टन घ्यायला गेला' असे म्हटले जाई. बर्टन हे बिअरसाठी प्रसिद्ध असलेले इंग्लंडमधील गाव आहे, परंतु या वाक्प्रचाराच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्याचे कार्य मात्र स्पष्ट आहे. मृत्यूचे नाव न घेता मृत्यूची वार्ता सांगणे, हे ते कार्य. मराठीतही मरणासाठी 'देवाज्ञा झाली' यांसारखे आदरयुक्त पर्याय आहेत. फरक असा की तेथे आदराने झाकले जाते आणि येथे क्षुल्लकतेने.

अभिनवगुप्तांनी अनौचित्य हे हास्याचे कारण मानले आहे. मृत्यूसाठी मद्यगृहाचा शब्द योजणे हे अनौचित्याचे टोक होय. पण येथे निर्माण होणारे हास्य कोणत्या प्रकारचे आहे, हेही पाहिले पाहिजे. भरतमुनींनी स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. वैमानिकांचे हास्य त्यांपैकी पहिल्या, म्हणजे स्मिताच्या, प्रकारात मोडते. शब्द विनोदी असला तरी तो सपाट स्वरात उच्चारला जातो आणि ऐकणारा हसत नाही. हे हास्य रस म्हणून परिपोष पावत नाही. ते भयानकाला रोखून धरण्यापुरतेच वापरले जाते. 'बर्टन'सारख्या शब्दाने दुःख नाहीसे होत नाही. पुढच्या उड्डाणापर्यंत ते बाजूला ठेवता येते एवढेच.

या बोलीतील सर्वाधिक प्रसिद्ध निर्मिती म्हणजे 'ग्रेमलिन'. यंत्रात शिरून बिघाड करणारे हे काल्पनिक, खोडकर जीव. स्वतः लढाऊ वैमानिक असलेल्या रोआल्ड डाल यांनी त्यांच्यावर लिहिलेले बालपुस्तक १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा शब्द सर्वत्र पसरला. ग्रेमलिनच्या कल्पनेत एक सामाजिक शहाणपण दडलेले आहे. विमान बिघडले की संशय देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञावर जातो. वैमानिक आणि तंत्रज्ञ यांचा परस्परांवरील विश्वास तुटला, तर पथकच मोडते. दोष एका काल्पनिक जीवावर टाकल्याने प्रत्येक लहान बिघाडाचे भांडण होत नाही. मात्र खरा दोष शोधण्याचे काम ग्रेमलिनवर सोपवून चालत नसे, हेही तितकेच खरे.

'पायलट ऑफिसर प्रून' हे पात्र याच परंपरेतील आहे. ब्रिटिश हवाई दलाने १९४१ पासून 'टी एम' नावाचे प्रशिक्षणविषयक मासिक काढले. अँथनी आर्मस्ट्राँग यांचे लेखन आणि बिल हूपर यांची चित्रे यांतून हा धांदरट वैमानिक साकार झाला. तो शक्य त्या सर्व चुका करीत असे. प्रत्यक्षात घोडचूक करणाऱ्यांसाठी या मासिकाने एक उपहासात्मक सन्मानही निर्माण केला होता. 'न निघणाऱ्या बोटाचा' हा सन्मान मिळाल्याचे वाचून वैमानिकाला लाज वाटे, पण त्याचा अपमान होत नसे. येथे विनोदाचा रोख स्वतःच्याच समूहाकडे आहे आणि त्याचे फळ प्रशिक्षण हे आहे. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरणार आहे.

४. नाव ठेवण्याचा अधिकार

मराठीत 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण आणि 'नावे ठेवणे' म्हणजे निंदा. या दोन क्रिया किती जवळच्या आहेत, हे शत्रूच्या विमानांना दिलेल्या नावांवरून दिसते. पॅसिफिकमधील युद्धात जपानी विमानांना अमेरिकी नावे देण्याचे काम कॅप्टन फ्रँक मॅकॉय यांच्या गटाने केले. लढाऊ विमानांना 'झीक', 'नेट' अशी पुरुषांची आणि बाँबफेकी विमानांना 'बेटी'सारखी स्त्रियांची नावे दिली गेली. एका विमानाला 'हॅप' हे नाव दिले, तेव्हा अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख जनरल हेन्री आर्नल्ड यांचे टोपणनावही तेच असल्याचे ध्यानात आले. त्यांच्या नाराजीमुळे ते 'हॅम्प' असे बदलले, असे सांगितले जाते. थट्टा शत्रूची करता येते, वरिष्ठांची नाही, हा सैनिकी विनोदाचा पदक्रम येथे उघड होतो.

शीतयुद्धात नाटोने हीच पद्धत नियमबद्ध केली. लढाऊ विमानाचे नाव इंग्रजी 'एफ'ने, बाँबफेकी विमानाचे 'बी'ने आणि हेलिकॉप्टरचे 'एच'ने सुरू होते. त्यातही नाव एका अवयवाचे असेल तर विमान पंख्याचे आणि दोन अवयवांचे असेल तर जेट. रचना अशी शिस्तबद्ध असली, तरी निवडलेले अनेक शब्द मुद्दाम गौरवहीन आहेत. मिग-२१ या विमानाला 'फिशबेड' आणि मिग-२७ ला 'फ्लॉगर' अशी नावे मिळाली.

या नावांचा महाराष्ट्राशी एक प्रत्यक्ष संबंध आहे. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ आणि मिग-२७ यांची निर्मिती झाली. १९६३ पासून भारतीय हवाई दलात असलेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे सेवानिवृत्त झाले. ही विमाने भारताची होती, तरी इंग्रजी संदर्भग्रंथांत त्यांची ओळख 'फिशबेड' आणि 'फ्लॉगर' अशीच राहिली. भारतीय हवाई दलाने मिग-२७ ला 'बहादूर', मिग-२९ ला 'बाज' आणि मिराज-२००० ला 'वज्र' अशी नावे दिली. एकच यंत्र एका नामावलीत वीररसाचे आलंबन आहे आणि दुसरीत हास्याचे. नाव यंत्राचे वर्णन करीत नाही. ते नाव ठेवणाऱ्याचे त्या यंत्राशी असलेले नाते सांगते.

बोलण्याची लकब हीच ओळख असते, याचा युद्धात उपयोग करून घेतल्याचेही उदाहरण आहे. २ जानेवारी १९६७ रोजी उत्तर व्हिएतनामवर कर्नल रॉबिन ओल्ड्स यांच्या नेतृत्वाखाली 'बोलो' नावाची मोहीम झाली. चपळ एफ-४ विमानांनी बाँब घेऊन येणाऱ्या एफ-१०५ विमानांचे सोंग घेतले. त्यांचा मार्ग, वेग, उंची आणि रेडिओवरील बोलण्याची रीतही उचलली. तुकड्यांना मोटारींची नावे होती : 'ओल्ड्स', 'फोर्ड', 'रॅम्बलर'. पहिले नाव मोटारीचेही होते आणि सेनानायकाचेही. अमेरिकी नोंदीनुसार त्या दिवशी सात मिग-२१ पाडली गेली. ज्या समूहाची बोली उचलता येते, त्या समूहाचा मुखवटाही घालता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

५. शब्द निसटतो तेव्हा

येथवर या भाषेचे सामर्थ्य पाहिले. तिची मर्यादा दाखविणारा प्रसंग १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर घडला. उड्डाणबंदी क्षेत्रात गस्त घालणाऱ्या दोन अमेरिकी एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली. त्यांतील सर्व २६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की आणि कुर्दी व्यक्ती होत्या.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन तपशील महत्त्वाचे आहेत. पहिला ओळखयंत्राचा. हेलिकॉप्टरे त्या क्षेत्रासाठी ठरलेली ओळखसंख्या न देता क्षेत्राबाहेरची ओळखसंख्या देत होती. 'पोपट' बोलत होता, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नव्हता. दुसरा तपशील एका शब्दाचा. प्रमुख वैमानिकाने जवळून पाहून ही हेलिकॉप्टरे 'हाइंड', म्हणजे नाटोच्या नामावलीतील सोव्हिएत बनावटीची एमआय-२४, असल्याचे ठरविले आणि सहकाऱ्याला खात्री करायला सांगितले. सहकाऱ्याने प्रथम थांबण्यास सांगितले आणि नंतर 'टॅली टू' असे कळविले. प्रमुखाने त्याचा अर्थ 'होय, दोन हाइंड आहेत' असा घेतला. सहकाऱ्याच्या म्हणण्यानुसार त्याला एवढेच सांगायचे होते की, दोन हेलिकॉप्टरे दिसली.

'टॅली' हा शब्द 'टॅली-हो' या इंग्रज शिकाऱ्यांच्या आरोळीतून आला. कोल्हा दिसला की घोडेस्वार ती आरोळी ठोकत. ब्रिटिश वैमानिकांनी ती उचलली आणि पुढे तिचे आखूड रूप संकेतकोशात स्थिरावले. शिकारीच्या रानात 'दिसला' आणि 'तोच आहे' यांत अंतर नसते, कारण कुत्र्यांपुढे धावणारा प्राणी कोल्हाच असतो. आकाशात हे अंतर जीवघेणे आहे. कोशात 'टॅली'चा अर्थ लक्ष्य दिसणे एवढाच होता. परंतु प्रश्न ओळखीचा होता आणि उत्तर दिसण्याचे आले. रूढ लक्षणेमागे झोपलेला मूळ अर्थ, 'सावज सापडले', त्या क्षणी जागा झाला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

हा अपघात एका शब्दामुळे झाला असे म्हणणे अर्थातच एकांगी ठरेल. टेहळणी विमानातील नियंत्रकांचे मौन, दोन दलांतील समन्वयाचा अभाव आणि जादा इंधनटाक्यांमुळे हेलिकॉप्टरांची बदललेली बाह्याकृती, अशी अनेक कारणे त्यामागे होती. परंतु या साखळीत एक कडी भाषेचीही होती. संक्षेपात जे गाळले जाते ते ऐकणारा आपल्या अपेक्षेने भरून काढतो, हे या प्रसंगाचे भाषिक तात्पर्य आहे. संक्षेपशब्दांची स्तुती करताना हे विसरता येणार नाही.

६. झाकणारा शब्द आणि उघडा शब्द

विनोदाची दुसरी मर्यादा नैतिक आहे. हास्यासाठी हृदयाची क्षणिक बधिरता आवश्यक असते, असा विचार फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये मांडला. वैमानिकाला अशी बधिरता लागते, हे वर पाहिलेच. प्रश्न असा की ही बधिरता कोणाविषयी आहे? ब्रिटिश बाँबफेकी विमाने शत्रूच्या सागरी मार्गांत सुरुंग टाकीत, त्या कामाला 'बागकाम' आणि सुरुंगांना 'भाज्या' म्हणत. शत्रूचे विमान पडले की आजही 'स्प्लॅश', म्हणजे 'छपाक', असे म्हटले जाते. येथे झाकलेली गोष्ट स्वतःचे भय नसून दुसऱ्याचे मरण आहे. 'बर्टन' आणि 'स्प्लॅश' हे दोन्ही मृत्यूचेच पर्याय आहेत, पण पहिल्यामागे दाबलेला शोक आहे आणि दुसऱ्यामागे शोकाचा अभाव.

शब्दांतील हलकेपणाचा हा प्रश्न त्या काळी राजकीय नेतृत्वालाही जाणवला होता. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी मोहिमांच्या नावांविषयी सूचना दिल्या. ज्या मोहिमेत अनेकांचे प्राण जाणार आहेत तिला थिल्लर नाव नसावे, कारण आपला मुलगा अशा नावाच्या मोहिमेत मारला गेला, असे सांगण्याची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये, असा त्यांचा आशय होता. ही सूचना मोहिमांच्या नावांपुरती होती; रेडिओवरील शब्दांना ती लागू नव्हती. तरीही तिने सुचविलेली कसोटी मोलाची आहे. शब्द बोलणाऱ्याच्या कानांना कसा लागतो एवढेच पाहून भागत नाही. ज्याने गमावले आहे, त्याच्या कानांना तो कसा लागेल, हेही पाहावे लागते.

या पार्श्वभूमीवर भारतीय हवाई दलाच्या इतिहासातील एक प्रसंग लक्षणीय वाटतो. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयरा येथील हवाई लढाईत भारतीय नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठले. लक्ष्य टिपल्यावर फ्लाइट लेफ्टनंट गणपती यांनी रेडिओवर 'मर्डर, मर्डर, मर्डर' असा ठरलेला संकेत दिला. ब्रिटिश परंपरेतून आलेल्या या दलाच्या संकेतांत 'खून' हा उघडा शब्द यावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. 'स्प्लॅश' सत्यापेक्षा कमी सांगतो. 'मर्डर' सत्यापेक्षा जास्त सांगतो. आणि त्या दिवशी वस्तुस्थिती शब्दापेक्षा अधिक दयाळू निघाली. पाडलेल्या सेबर विमानांतील दोन वैमानिक हवाई छत्रीने उतरले आणि युद्धकैदी झाले. त्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी हे १९९७ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. या संकेतातही अतिशयोक्तीचा एक कठोर विनोद असेल. परंतु आपण काय करीत आहोत हे तो झाकत नाही, ही त्याची प्रामाणिकता मान्य करावी लागते.

समारोप आणि निष्कर्ष

वैमानिकांच्या संकेतभाषेतील विनोद सरसकट निष्पाप नाही आणि सरसकट निंद्यही नाही. त्याचे मूल्यमापन करण्यासाठी त्याचा रोख कोणाकडे आहे, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. दिशा हरपलेला वैमानिक स्वतःला 'टम्बलवीड' म्हणवतो, म्हणजे वाळवंटात वाऱ्याबरोबर घरंगळत जाणारे वाळलेले झुडूप. हा शब्द या कोशातील उत्तम शब्दांपैकी एक मानावा लागेल. 'मला काही कळेनासे झाले आहे, मदत करा' ही कबुली देणे सैनिकी पौरुषाच्या वातावरणात अतिशय अवघड असते. 'टम्बलवीड' ती कबुली एका शब्दात आणि लाज न आणता देऊ देतो. त्या थट्टेने प्राण वाचू शकतात. उलट, ज्या शब्दांची थट्टा समोरच्या माणसाला वस्तू करून टाकते, ते तितकेच सोयीचे असले तरी त्यांची किंमत शब्दकोशात नोंदलेली नसते.

या विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वैमानिकांच्या संक्षेपशब्दांचा मुख्य हेतू गुप्तता हा नसून वेग आणि निःसंदिग्धता हा आहे. विनोदातील विसंगती स्मरणास साह्यभूत ठरते, म्हणून विनोद या भाषेचा अंगभूत घटक झाला आहे.

२) हे शब्द प्रयोजनवती लक्षणेतून जन्मतात आणि रूढ लक्षणा म्हणून टिकतात. विनोद विझल्यावरच संकेत पूर्णत्वास जातो.

३) या भाषेतील हास्य स्मिताच्या पातळीवर राहते. भयानकाला आवर घालणे आणि समूहातील विश्वास टिकविणे ही त्याची प्रमुख कार्ये होत.

४) संक्षेपात गाळलेला अर्थ ऐकणारा आपल्या अपेक्षेने भरतो. १९९४ च्या दुर्घटनेत 'टॅली' या शब्दाबाबत हेच घडले.

५) स्वतःकडे वळलेला विनोद साह्यकारी आणि दुसऱ्याच्या मरणाकडे वळलेला विनोद आच्छादक असतो. या भाषेच्या कोणत्याही पुढील अभ्यासात हा भेद पाळला जावा.

रुग्णालये, अग्निशामक केंद्रे, पोलीस ठाणी अशा जेथे जेथे माणसे मरणाजवळ राहून काम करतात, तेथे तेथे अशा प्रकारची बोली जन्म घेत असते. मराठी भाषकांच्या अशा व्यवसायबोलींची नोंद करणे हे महाविद्यालयीन भाषाविभागांना सहज करता येण्याजोगे काम आहे. ते करताना शब्दांची केवळ यादी न करता, प्रत्येक शब्द कोणाला हसतो आणि काय झाकतो, हे दोन प्रश्न विचारले गेले, तर त्या नोंदींना अभ्यासाचे मोल येईल.